फिट आली तेव्हा तुम्ही नेमकं काय पाहिलंत?

माझ्या धाकट्या बहिणीच्या हातून दहावीच्या वर्षात घरातले तीन कप फुटले. तिन्ही सकाळी. टूथब्रश हातातून उडायचा, कंगवा पडायचा. आई म्हणायची, "लक्ष कुठंय तुझं?" आणि आम्ही तिला धांदरट म्हणून चिडवायचो. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत जागून ती सकाळी सहाला उठली आणि मोरीच्या दारात ताठ होऊन कोसळली. कुणी कांदा हुंगवला, कुणी दातखीळ काढायला चमचा घातला. त्या चमच्यानं तिचा पुढचा दात तुटला. फिटनं तिला काही इजा झाली नव्हती, झाली ती आमच्या मदतीनं.

दवाखान्यात विचारलं, काय झालं? आम्ही सांगितलं, फिट आली. फुटलेल्या कपांबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि आम्हाला सांगायचं सुचलं नाही. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध सुरू झालं आणि सकाळचे झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढले. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "उठल्या उठल्या हातातून वस्तू पडतात का गं?" निदान तिथंच झालं, तपासण्यांनी फक्त त्यावर शिक्का मारला.

म्हणून या लेखात औषधांइतकीच जागा बघण्याला दिली आहे. फिट येते तेव्हा डॉक्टर तिथं नसतात, तुम्ही असता. आणि फिट आलेल्या माणसाला बहुतेक वेळा त्यातलं काही आठवत नाही.

आधी शब्दांचा घोळ

फिट, आकडी, फेफरं, मिरगी हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. पण एक झटका येणं वेगळं आणि अपस्मार हा आजार असणं वेगळं. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. त्यातला एखादा गट, किंवा दोन्ही बाजूंचा सगळा मेंदू, अचानक एका तालात आणि बेफाम संदेश सोडू लागला की झटका येतो. साखर खूप उतरली, रक्तातलं सोडियम घसरलं, रोज पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली, मेंदूला संसर्ग झाला, तर धडधाकट माणसालाही तो येऊ शकतो. अपस्मार तेव्हा म्हणतात, जेव्हा असं कोणतंही तात्कालिक कारण नसताना २४ तासांहून अधिक अंतरानं दोन झटके येतात. एकच झटका आला, पण तपासण्यांवरून पुढचा येण्याची शक्यता बरीच दिसत असेल, तरीही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात.

पहिली पाच मिनिटं

१. घड्याळ बघा. सगळ्यात आधी हेच. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि पुढचे सगळे निर्णय वेळेवर ठरतात.

२. आजूबाजूची खुर्ची, चूल, काच, गरम भांडं दूर करा. माणसाला हलवू नका, वस्तू हलवा. तो रस्त्यात, पाण्यात किंवा आगीजवळ असेल तरच त्याला ओढून बाजूला घ्या.

३. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल किंवा ओढणी ठेवा. चष्मा काढा, गळ्याशी आवळलेलं बटण सैल करा.

४. हातपाय दाबून धरू नका. दाबल्यानं झटका थांबत नाही, खांदा मात्र निखळू शकतो.

५. तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, गोळी नाही. जीभ गिळली जात नाही. फार तर कडेला चावली जाते, आणि ती जखम भरते.

६. जमेल तेव्हा, नाहीतर झटके थांबल्याबरोबर, कुशीवर वळवा म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल.

७. पूर्ण भान येईपर्यंत जवळ बसा. नाव विचारा, कुठं आहेस विचारा. उत्तर नीट येईपर्यंत चहा-पाणी देऊ नका.

कांदा, चप्पल, हातात लोखंडाची किल्ली यांबद्दल एवढंच सांगतो. बहुतेक मोठ्या फिटा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. किल्ली शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, म्हणून श्रेय किल्लीला मिळतं.

१०८ ला फोन कधी करायचा? झटका पाच मिनिटांहून जास्त चालला, एक थांबून भान यायच्या आत दुसरा आला, आयुष्यातला पहिलाच असला, पाण्यात आला, डोक्याला मार लागला, श्वास नीट परत येत नाही, किंवा माणसाला मधुमेह आहे, तर लगेच. गरोदर बाईला, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत झटका आला, तर तो वाढलेल्या रक्तदाबाचा असू शकतो. तिथं नेहमीच्या गोळ्या नाही तर मॅग्नेशियम सल्फेट लागतं. वाट न बघता प्रसूतीची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा.

पाच मिनिटांची रेघ मनात आलं म्हणून ओढलेली नाही. त्यापुढे झटका आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि मोठी फिट अर्धा तास चालली तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. ज्यांना लांबलेल्या किंवा लागोपाठ फिटा येतात, त्यांच्या घरी मिडाझोलाम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा फवारा असावा. मात्रा वजनावर ठरते. म्हणून किती फवारे, कोणत्या मिनिटाला, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फवाऱ्याच्या डबीलाच चिकटवा. शाळेच्या दप्तरातही एक ठेवा.

मोबाईल काढा, लाजू नका

माणूस सुरक्षित आहे याची खात्री झाली की दुसऱ्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. चेहरा, डोळे आणि चारही हातपाय दिसतील असा. नातेवाईक रागावतील, "फिट आलीय आणि हा शूटिंग करतोय." पण अर्ध्या मिनिटाचं हे चित्रण कधी कधी महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जातं.

व्हिडिओत न येणारं वहीत लिहायचं. फिटच्या आधी माणूस काय करत होता? झोपेत होता, नुकताच उठला होता, उन्हात रांगेत उभा होता? आधी काही विचित्र जाणवलं का? सुरुवात शरीराच्या कोणत्या बाजूनं झाली? मान कुठे वळली? डोळे उघडे होते की मिटलेले? हाक मारल्यावर ओ दिली का? किती वेळ चाललं? नंतर किती वेळ गोंधळ होता, बोलता येत होतं का, एक हात लुळा पडला होता का? जीभ चावली असेल तर टोकाला की कडेला? कपडे ओले झाले का? आणि शेवटी ज्याचा कुणी विचारच करत नाही ते: गेल्या काही महिन्यांत याहून लहान, विचित्र असं काही घडलं होतं का? आमचे कप या शेवटच्या प्रश्नात बसत होते.

प्रकार कसे ओळखायचे

डॉक्टर पहिली विभागणी झटका सुरू कुठून होतो यावर करतात. मेंदूच्या एका जागेतून, की एकाच वेळी दोन्ही बाजूंनी? ही विभागणी पुस्तकी वाटते, पण औषध तिच्यावर ठरतं.

एका जागेतून सुरू होणाऱ्या झटक्याला स्थानिक झटका म्हणू. हातापायांच्या हालचालीच्या भागातून निघाला तर एकच अंगठा किंवा ओठाचा कोपरा उडू लागतो, मग मनगट, मग सगळा हात. माणूस शुद्धीत असतो, बघत असतो, पण थांबवू शकत नाही. कानशिलामागच्या भागातून निघाला तर चित्र अगदीच वेगळं असतं. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, अकारण भीती दाटते, किंवा हे सगळं आधी घडून गेलंय असा भास होतो. मग नजर हरवते. माणूस ओठ चाटतो, चघळल्यासारखं करतो, शर्टाचं बटण चाळवत राहतो. हाक मारली तर वळून बघेलही, पण त्याला काही कळत नसतं. एक-दोन मिनिटांनी भानावर येतो आणि गोंधळलेला असतो. अशा माणसांना घरचे वर्षानुवर्षं तंद्री लागते, बाहेरचं आहे, अंगात येतं असं म्हणत राहतात. माझ्या मते सगळ्यात जास्त निसटणारा प्रकार हाच. यातलाच झटका पुढे पसरून मोठी फिट होऊ शकते. मग घरच्यांना फक्त मोठी आठवते आणि आधीचं अर्धं मिनिट कुणी सांगत नाही. निदानाची गुरुकिल्ली नेमकी त्या अर्ध्या मिनिटात असते.

सर्वांना माहीत असलेली मोठी फिट म्हणजे आधी किंकाळीसारखा आवाज, शरीर ताठ, चेहरा निळसर, मग तालात झटके, तोंडाला फेस, शेवटी घोरल्यासारखी झोप. याबद्दल जास्त सांगायला नको.

मुलांमधली शून्यात बघण्याची फिट साधारण चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होते. वाक्य अर्ध्यावर थांबतं, पापण्या हलतात, दहा-वीस सेकंदांत मूल पुढचं वाक्य बोलू लागतं. दिवसातून कित्येक वेळा. बाई म्हणतात, वर्गात लक्ष नाही. संशय असेल तर बालरोगतज्ज्ञ मुलाला दोन-तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, तेवढ्यानं फिट त्यांच्यासमोरच येते.

बहिणीचा प्रकार किशोरवयात सुरू होतो. विजेचा धक्का बसावा तसे खांदे-हात क्षणभर उडतात, बहुधा सकाळी, शुद्ध असताना. जागरण हा त्याचा सगळ्यात मोठा मित्र. परीक्षा, गणपतीतली जागरणं, हॉस्टेल यांतून त्याला खतपाणी मिळतं. आणखी एका प्रकारात अंगातलं बळ एकदम जातं आणि मूल दोरी तुटल्यासारखं खाली पडतं, वारंवार चेहऱ्यावर मार लागतो.

आता तान्ह्या बाळांबद्दल, कारण इथं दिवस मोजावे लागतात. तीन महिने ते एक वर्ष या वयातलं बाळ, बहुधा झोपेतून उठल्यावर, अचानक मान पुढे टाकतं, हात पसरतं, पाय पोटाशी घेतं, पुन्हा सैल होतं. असं पाच-दहा सेकंदांच्या अंतरानं ओळीनं अनेकदा. सगळे म्हणतात पोटात दुखतंय, घुटी द्या. पण पोटदुखी अशी घड्याळासारखी ठोके देत नाही. या आजाराचं पहिलं वर्णन विल्यम वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात केलं, आणि तो पेशंट त्याचा स्वतःचा मुलगा होता. तेव्हा कसलंही यंत्र नव्हतं, एका बापानं नीट पाहिलं होतं इतकंच. उपचार उशिरा झाले तर बाळाची बौद्धिक वाढ खुंटते, म्हणून व्हिडिओ काढून त्याच आठवड्यात, शक्यतो दुसऱ्याच दिवशी, मेंदूविकारांच्या बालतज्ज्ञाकडे जा. स्टेरॉइडच्या गटातली औषधं किंवा व्हिगाबॅट्रिन लागतं.

फिटसारखं दिसतं, पण फिट नाही

चक्कर येऊन पडलेल्या माणसाला फिटच्या गोळ्या सुरू झाल्याची उदाहरणं खूप. उभं असताना, गर्दीत, रक्त बघून डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, चेहरा पांढराफटक होतो आणि माणूस कोसळतो. मेंदूला रक्त कमी पडल्यानं दोन-चार झटकेही येतात, म्हणून बघणारा फिट म्हणतो. पण आडवं केल्यावर अर्ध्या मिनिटात तो शुद्धीवर येतो आणि नीट बोलतो. मात्र व्यायाम करताना किंवा बसल्या जागी अशी शुद्ध गेली, किंवा घरात तरुण वयात कुणी अचानक गेलं असेल, तर हृदयाची तपासणी आधी. ईसीजी स्वस्त असतो, तो टाळू नका.

दुसरा प्रकार मनावरच्या ताणातून येतो. डोळे घट्ट मिटलेले, मान 'नाही नाही' म्हणावी तशी डावी-उजवीकडे, झटके मध्येच थांबतात आणि पुन्हा सुरू, कधी वीस मिनिटं. याला नाटक म्हणणं चूक आहे, तो माणूस मुद्दाम काही करत नसतो. त्याला फिटच्या गोळ्या नको असतात, समुपदेशन हवं असतं. काही जणांना दोन्ही प्रकार असतात, तिथं रुग्णालयात ठेवून व्हिडिओसह ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) करावा लागतो.

तापातली फिट साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते. पंधरा मिनिटांच्या आत थांबली, सगळ्या अंगाला आली आणि त्या दिवसात पुन्हा आली नाही, तर ती साधी. पुढच्या तापात ती पुन्हा येण्याची शक्यता साधारण तीनात एक, पण त्यातून अपस्मार होणारी मुलं थोडीच. वर्षाच्या आतलं बाळ, मान ताठ, सततची गुंगी, उलट्या असं काही असेल तर मात्र मेंदूज्वर नाही ना हे पाहावंच लागतं.

तपासण्या

बोटाला टोचून साखर, ही पहिली. मग सोडियम, कॅल्शियम. चालू औषधांची यादी दाखवा. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं आणि काही प्रतिजैविकं झटक्याचा उंबरठा खाली आणतात.

मग ईईजी. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गरनं १९२४ साली माणसाचा पहिला आलेख काढला. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, कारण तेलकट डोक्यावर पट्ट्या चिकटत नाहीत. रात्री उशिरापर्यंत जागायला सांगितलं असेल तर खरंच जागा. नेहमीच्या गोळ्या मनानं बंद करू नका. पहिल्याच ईईजीत काही न सापडणारे अपस्माराचे रुग्ण जवळपास निम्मे असतात. 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे फिट नाही' असं म्हणू नका. त्याच न्यायानं, रिपोर्टात थोडं काही दिसलं म्हणून फिट नसलेल्याला आजारी ठरवू नका.

एमआरआय मागताना चिठ्ठीवर 'अपस्मारासाठी' असं लिहिलेलं असावं. त्यात बारीक काप घेतात, नाहीतर लहानसा व्रण सुटून जातो. आपल्याकडे स्कॅनमध्ये वरचेवर सापडते ती एक बारीक गाठ. ती क्षयाची असू शकते किंवा डुकराच्या फीतकृमीच्या अळीची. "आम्ही शाकाहारी, आम्हाला कशी?" हा प्रश्न हमखास येतो. कच्च्या डुकराच्या मांसातून पोटात कृमी होतो, पण मेंदूत अळी जाते ती त्या कृमीच्या अंड्यांतून. अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवरून, कच्च्या पालेभाजी-कोथिंबिरीवरून. अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध मनानं घेऊ नका. अळ्या मरताना मेंदूला सूज येते, म्हणून त्याच्याबरोबर स्टेरॉइड द्यावं लागतं.

गोळ्या

एका झटक्यानंतर प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. लागली तर एकच औषध, कमी मात्रेपासून, हळूहळू वाढवत. स्थानिक झटक्यांना कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम चालतात. शून्यात बघण्याच्या फिटांना इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट. बहिणीच्या प्रकारात कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन आगीत तेल ओततात, तिला लेव्हेटिरासिटाम दिलं. पहिले दोन महिने घरात कुणी तिच्याशी बोलायला धजत नव्हतं, कारण चिडचिड हा त्याचा ठरलेला दुष्परिणाम. मात्रा बदलल्यावर निवळलं.

कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. फेनिटॉइननं हिरड्या सुजतात, मात्रा जास्त झाली तर दारू प्यायल्यासारखा तोल जातो. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या तर फिटच्या डॉक्टरांना लगेच कळवा, त्या दोघींचं एकमेकींशी पटत नाही.

मुलगी किंवा तरुण बाई असेल तर व्हॅल्प्रोएटबद्दल स्पष्ट विचारा. गरोदरपणात ते घेतल्यास सुमारे दहांतल्या एका बाळाला जन्मजात व्यंग आणि दहांतल्या तीन-चार बाळांना शिकण्या-बोलण्यात अडचणी येतात. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून सगळ्या गोळ्या थांबवणं मात्र त्याहून धोक्याचं. गोळी बदलायची ती आधी, ठरवून, आणि फॉलिक आम्लही आधीपासून. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे लग्नाळू मुलीला सहसा कुणी सांगत नाही.

गोळी चुकणं हे फिट परत येण्याचं सगळ्यात साधं कारण आहे. एकादशी असो की संकष्टी, गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. आठवड्याच्या कप्प्यांची डबी घ्या, घरात निदान दहा दिवसांचा साठा ठेवा, दुकानदारानं दुसरी कंपनी दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही झटके चालूच राहिले, तर तिसऱ्या, चौथ्या गोळीत वर्षं घालवू नका. साधारण तीनात एक रुग्ण असा असतो. त्याला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात तपासून घ्या. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होतात. कानशिलामागच्या भागात एमआरआयवर स्पष्ट व्रण असेल तर बरं होण्याची शक्यता चांगली असते. काही मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) लागू पडतो.

घरातले नियम

न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, दारावर पाटी अडकवायची. बादलीनं अंघोळ, टबात नाही. गॅसवर मागच्या बाजूला पातेलं, गावी असाल तर चुलीपाशी एकटीनं बसायचं नाही. विहिरीत, नदीत एकट्यानं पोहणं बंद. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो, तिथं खोटं लिहू नका.

लग्नाबद्दल कायदा काय म्हणतो हे अजून अनेकांना ठाऊक नाही. पूर्वी हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींत अपस्मार हे लग्न अवैध ठरवायला आधार होतं. १९९९ साली दुरुस्ती करून तो शब्द काढून टाकला. तरीही लपवू नका. लपवलं की सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग चुकतात, मग फिट येते.

गोळ्या बंद कधी करायच्या? अनेक मुलांमध्ये दोन वर्षं झटका आला नाही तर डॉक्टर हळूहळू, महिन्यामहिन्यांनी मात्रा उतरवतात. बहिणीच्या प्रकारात गोळी थांबवली की झटके बऱ्याचदा परत येतात. ती दर वर्षी डॉक्टरांना विचारते, ते दर वर्षी तिला विचारतात, "सकाळी हातातलं काही पडतं का?" गेल्या वेळी ती म्हणाली, "नाही. पण लेकीला ताप होता, रात्रभर जागले होते, त्या सकाळी चमचा उडाला." गोळी तशीच चालू राहिली.